डावीकडची सीट

परतवाड्याजवळ शेखर आणि रागिणीची दीड एकर फुलशेती आहे. शेवंती, झेंडू, बांधाकडेला थोडा निशिगंध. फुलं अमरावतीच्या बाजारात शेखर पहाटे आपल्या जुन्या कारमधून पोचवायचा. मागच्या वर्षी त्याला दोनदा फिट आली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हातही लावू नका म्हणून सांगितलं. त्याचे वडील पंजाबराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहाटेच्या अंधारात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपत. उरली रागिणी. चौतीस वर्षांची, आणि तोवर फक्त सायकल चालवलेली.

"मी शिकवतो तुले," पंजाबराव म्हणाले.

रोज सकाळी फुलं दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून झाली की सासरा आणि सून मोकळ्या मैदानावर जात. पंजाबराव डावीकडे बसत, एक हात हँडब्रेकवर. ते कधी ओरडले नाहीत. चुकलं की नुसते खाकरत. पाचव्या महिन्यात रागिणी अचलपूरच्या गर्दीतून गाडी काढायला लागली, आणि त्यांचं खाकरणं जवळजवळ थांबलं.

अमरावतीच्या आरटीओत टेस्टची तारीख मिळाली. टेस्ट आपल्याच गाडीवर द्यायची होती. त्या तारखेनंतर शिकाऊ लायसन्सची मुदत संपायला दोनच आठवडे उरत होते.

टेस्टच्या चार दिवस आधी अकोल्याहून फोन आला. प्रियदर्शनी मॅडम, ज्यांच्याकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. "गाडी विकून तीन वर्षं झाली, पण कंपनीचं पत्र माझ्याच पत्त्यावर आलंय," त्या म्हणाल्या. "फोटो पाठवते. आजच वाचा हं, ठेवून देऊ नका."

रागिणीनं ओसरीवर पत्र मोठ्यानं वाचलं. त्या वर्षीच्या गाड्यांमध्ये डाव्या बाजूच्या एअरबॅगमध्ये दोष निघाला होता. धडक बसली तर ती फुगताना आतले लोखंडी तुकडे उडून समोर बसलेल्याला लागू शकत होते. कंपनी तो भाग फुकट बदलून देणार होती. तोवर पुढच्या डाव्या सीटवर कुणाला बसवू नका, असं त्यात लिहिलं होतं.

तिनं वर्कशॉपला फोन लावून गाडीचा चेसिस नंबर सांगितला. गाडी त्याच यादीत होती. पण भाग यायला तीन आठवडे लागणार होते.

"टेस्ट देऊन घे अगोदर," पंजाबराव म्हणाले. "पस्तीस वर्षं एसटी चालवली मी. तिच्यात कुठं होता फुगा? मले काई झालं का?"

"नाई, मामाजी."

"काहून नाई? कालपर्यंत बसलोच ना मी?"

"काल मले माहीत नव्हतं. आज माहीत हाय." तिनं फोन बाजूला ठेवला. "पाच महिने तुमाले त्याच्यापुढं बसवलं मी. आता माहीत असून कशी बसवू? आन् टेस्टले साहेब बसन तिथं. तेबी कोनाचा बाप असन ना."

"मंग मी मागं बसतो."

"मागून हँडब्रेक कसा वढसान?"

शेखर म्हणाला, "बाबा, तिचं बरोबर हाय. फुलं जातीन तोवर टेम्पोतच."

तारीख गेली. दोन आठवड्यांनी शिकाऊ लायसन्सही संपलं. नव्यानं अर्ज, पुन्हा ती कॉम्प्युटरवरची परीक्षा. रागिणीनं कुणाला काही दाखवलं नाही, पण संध्याकाळी गाडीवरची धूळ पुसताना तिचे डोळे भरून आलेले पंजाबरावांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि अंगणात खुर्ची मांडली. खुर्चीपुढं तीन विटा ओळीनं ठेवल्या. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. "बस," ते म्हणाले. "पायाची सवय मोडाची नाई." रागिणी हसत हसत बसली. शेजारची जाईबाई कुंपणावरून पाहून विचारायची, "कुठवर आली वो गाडी?" आणि पंजाबराव गंभीरपणे अमरावतीच्या वाटेवरचं गाव सांगायचे, "आसेगाव."

भाग आल्याचा निरोप मिळाला तेव्हा पंजाबरावांनी दिवसाउजेडी गाडी वर्कशॉपला नेली. रागिणी मागच्या सीटवर बसली. दीड तासात काम झालं. परत निघताना तिनं पुढचं डावं दार उघडलं आणि आधी स्वतः बसली.

"मी बसून पायतो अगोदर, म्हणे रागिणी," पंजाबराव घरी शेखरला सांगत होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते हातपाय धुवायला गेले.

टेस्ट पुढं दोन महिन्यांनी झाली. चढावर गाडी एकदा बंद पडली. शेजारी बसलेल्या साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. रागिणीनं हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, पुन्हा सुरू केली आणि गाडी एक वीतही मागं न सरकता वर चढली. दुपारी पास झाल्याचं कळलं. तिनं शेखरला फोन केला तर तो पलीकडून नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

परतीला तीच चालवत होती. वलगाव मागं पडलं. ती काहीतरी विचारायला वळली तर पंजाबरावांची मान खांद्यावर कलली होती, हात हँडब्रेकवरून सुटून मांडीवर आला होता. दुसरा कुणी चालवत असला की या माणसाला उभ्या जन्मात झोप लागली नव्हती. रागिणीनं रेडिओ बंद केला, आणि खड्डे चुकवत ती हळूहळू परतवाड्याकडे निघाली.