आतून हिरवी कळी

त्या सकाळी विलायतेत नॉटिंगहॅमजवळच्या मळ्यात तिघंच होतो: मी, माझी लेक शालन आन तिचे गोरे साहेब. आज नातीनं जर्दाळू कापलं, त्या वासानं ते वीस वर्सांपूर्वीचं आठवलं.

थंडीत टिकंल असं जर्दाळूचं वाण शालन त्या मळ्यात चार वर्सं शोधत होती. त्या पहाटे हिव पडलं आन सगळ्या कळ्या करपलेल्या दिसल्या.

"आई, साहेब म्हणतात, झाडं उपटा." शालन म्हणाली.

द्राक्षाच्या बागंत मजुरी करून मी तिला शिकवलेली. कळी जिती का मेली ते चिरून बघायचं तिथंच शिकले; मी एकेक कळी नखानं चिरत सुटले.

"अगं आई, हातमोजे तरी घाल!"

"हातमोज्यातनं कळी कळती व्हय?"

शेवटच्या झाडाची कळी आतून हिरवी, जिती निघाली. नातीच्या हातातलं जर्दाळू त्याच झाडाच्या कलमाचं.

वाचणाऱ्यांनो, नख लावून बघितल्याबिगर झाड उपटू नका.