कचऱ्याच्या गाडीतली बाई

सगळी वस्ती तिला गाडीतली बाई म्हणते, पण ती त्या गाडीत एकदाही बसलेली नाही. फिरतो तो तिचा आवाज. रोज सकाळी नगरपालिकेची कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की कर्ण्यातून आधी थोडी खरखर येते आणि मग "नमस्कार, शेजाऱ्यांनो" असं कोणीतरी इतक्या मायेनं म्हणतं, की अर्ध्या झोपेतला माणूस उठून बसतो. आपण कचऱ्यासाठी उठलोय हे कळून मग खट्टू होतो. ओला वेगळा, सुका वेगळा, हे ती सांगतेच. पण पुढे आठवड्याच्या बातम्याही देते. कोणत्या गल्लीत नळासाठी खणणार, बागेतली झाडं कधी छाटणार, पाल्याचं खत कुठे मिळणार, जुने कपडे कोणत्या वारी गोळा करणार. खणलेला रस्ता लवकरच बुजवला जाईल, हे वाक्य ती अशा काही सुरात म्हणते, की ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. तिला स्वतःला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

एरवी दिवसभर ती नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीत बसते. खिडकीच्या काचेला एक गोल भोक आहे. ते किती उंचीच्या माणसासाठी पाडलंय हे पाडणाऱ्यालाच ठाऊक. बाहेरच्यांना तिची हनुवटी दिसते, तिला त्यांच्या शर्टाची बटणं. बोललेलं कोणालाच धड कळत नाही. घरी मध्ये काच नाही, तरी तीच गत. नवरा पोस्टात आहे. परक्यांची पत्रं गल्लीवार बिनचूक लावणारा हा माणूस स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, आणि बायको "अहो, कपाळावर आहे" म्हणाली तर "एक मिनिट, मध्ये बोलू नकोस" म्हणतो.

सासूबाईंना मात्र गाडीतली बाई फार आवडते. गॅलरीत उभ्या राहून त्या तिला रोज उत्तरं देतात. "आले गं बाई, आले. जरा दम धर." मग आत वळून सुनेला ऐकवतात, "बघ, कशी मुद्द्याचं बोलते. नाहीतर काही माणसं! सकाळी विचारावं, तर संध्याकाळी तोंड उघडतात." तो आवाज सुनेचाच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण सुनेचं तोंडावर कौतुक करणं त्यांच्या जिवावर येई. गाडीचं केलं तर बिघडत नाही. गाडी निघून जाते.

आणि ती स्वतः? तिनं आपला आवाज कधीच ऐकलेला नाही. ऐकायच्या नुसत्या कल्पनेनं तिच्या अंगावर काटा येतो. म्हणून गाडीची चाहूल लागली की ती मिक्सर लावते. भांड्यात काही असो वा नसो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे साहेब आले.

"बाई, हे लोक ऐकतात का हो?" साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "आता सगळं मोबाइलवर पाठवू. गाडीवर नुसती धून ठेवू."

"ऐकतात, साहेब."

"गाडीवरून सांगितलं होतं, त्या मागच्या दुरुस्ती मेळाव्याला कोण कोण आलं होतं?"

आले होते ते सगळे नगरपालिकेचेच, आणि एक गृहस्थ, जे पंख्याखाली बसायला आले होते आणि तो पंखाही बंद होता.

"पुढच्या रविवारी पुन्हा मेळावा आहे ना? हॉल भरला तर तुमचा आवाज राहील. नाहीतर धून."

हे तिनं घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगायचं? गाडीसाठी तिला वेगळा पगार नव्हता, मान नव्हता, साधा चहाही नव्हता. पण दिवसातून एकदा थोडा वेळ असा होता, की तिचं वाक्य कोणी मध्येच तोडत नसे. तेवढंच होतं तिच्याकडे, आणि ते जाणार होतं.

बातम्या ती ऑफिसातल्या अडगळीच्या खोलीत रेकॉर्ड करायची. त्या आठवड्यात तिथे रंगकाम निघालं, म्हणून शनिवारी दुपारी ती घरीच बसली. सासूबाई झोपल्या होत्या, नवरा पेपर तोंडावर घेऊन वाचत असल्यासारखा घोरत होता. बाहेरचा आवाज नको म्हणून ती दार लोटून, डोक्यावरून रजई ओढून, मोबाइल हातात धरून बोलायला लागली. डोळे मिटून, अगदी जीव ओतून बोलली. घामानं निथळत बाहेर आली, तेव्हा नवरा हातात बादली घेऊन दारात धापा टाकत उभा होता.

"गाडी नाहीच!" तो म्हणाला.

"पुढे गेली असेल," सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या. "तुझ्या पायांत जोर असता तर सापडली असती."

ही माणसं दुपारी काय करतील याचा नेम नाही, असं म्हणून तिनं रेकॉर्डिंग जसंच्या तसं गाडीच्या ड्रायव्हरला पाठवलं. ऐकून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हरही ऐकणार नव्हता. कर्ण्याखाली बसून बसून तो कानांत कापूस घालायला शिकला होता.

सोमवारी सकाळी गाडी आली, मिक्सर लागला, गाडी गेली. ती ऑफिसला पोचली, तर खिडकीसमोरचा पहिलाच माणूस कमरेत वाकला आणि भोकाला तोंड लावून म्हणाला, "दाखल्याचं राहू द्या हो. त्या स्टुलाचं काय झालं?"

"कुठलं स्टूल?"

रांगेतली एक बाई हसून हसून भिंतीला टेकली होती. तिनंच आपल्या मोबाइलवर गाडी रेकॉर्ड केली होती. तिनं तो भोकाशी धरला.

"शेजाऱ्यांनो, टाकू नका, दुरुस्त करा," कर्ण्यातली ती म्हणत होती. "मोडकी छत्री, रुसलेला पंखा—"

"अरे ऊठ, गाडी आली! बादली घे!" मागून अर्धवट झोपेतल्या सासूबाई.

"—काहीही घेऊन रविवारी हॉलवर या—"

"आणि ते तीन पायांचं स्टूल टाक एकदाचं त्या गाडीत! करतो करतो म्हणून वर्ष घालवलंस!"

"अगं आई, एक पाय तर बसवायचाय नुसता! माझी चप्पल कुठाय?"

"—सुतार आणि इलेक्ट्रिशियन मोफत मदत करतील. कोणतीही वस्तू टाकण्याआधी एकदा विचार करा—"

"विचार कसला करतोस? पळ!"

ती तशीच उठून ड्रायव्हरकडे गेली. "बंद करा ते. मी नवीन देते."

"आठवड्याच्या मध्येच साहेबांच्या होकाराशिवाय आवाज बदलता येत नाही, बाई," ड्रायव्हर कानातला कापूस काढत म्हणाला. "आणि साहेब गेलेत ट्रेनिंगला. शनिवारी येतील. पण एवढी घाई का? आज लोक कचरा टाकून झाल्यावरही हलत नव्हते. एका गल्लीत तर मला मागे यायला लावलं."

झालं. आठवडाभर सकाळच्या प्रहरी सासूबाई वस्तीभर मुलाला पळवत राहिल्या. मंगळवारपासून ती मागच्या गल्लीनं ऑफिसला जाऊ लागली, तर तिथला इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, टाकू नका हं ते." नवऱ्याला पोस्टात सगळे "चप्पल सापडली का?" विचारायला लागले. सासूबाई तेवढ्या गॅलरीत जास्त वेळ उभ्या राहू लागल्या.

शुक्रवारी तिनं शेवटी साहेबांची अट घरात सांगून टाकली. सांगताना पहिल्यांदाच तिला कोणी मध्ये तोडलं नाही.

"मग रविवारी स्टूल न्यायला हवं," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही येणार. माझी अब्रू—" नवरा सुरू झाला.

"अब्रू गेली गाडीतून. स्टूल तेवढं राहिलंय. उचल."

रविवारी हॉलच्या दारात तिचे पाय थबकले. आत बसायला जागा नव्हती. मोडक्या छत्र्या, मुके रेडिओ, हँडल गेलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं दाटीवाटीनं बसली होती. स्टूल आत आलं तशा सगळ्या माना वळल्या. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग हॉलभर टाळ्या वाजल्या. नवऱ्यानं स्टूल छातीशी असं धरलं, जणू बक्षीसच मिळालंय.

सुतारानं ते उलटं करून बराच वेळ पाहिलं. "हा खिळा कोणी मारला?"

"मीच," नवरा म्हणाला. "तात्पुरता."

"आधी तुमची दुरुस्ती काढतो. मग माझी करतो."

हशा पिकला, त्यात साहेबही सापडले. ते कधी आले ते कोणाला कळलं नव्हतं. डोळे पुसत ते तिच्यासमोर आले. "ठीक आहे, बाई. धून नको. तुमचाच आवाज राहू द्या." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मागून बोलत होत्या, त्या तुम्हीच ना?"

"माझं काय घेऊन बसलात," सासूबाई म्हणाल्या. स्टुलाच्या नव्या पायावर त्यांनी हात दाबून पाहिला. "पुढे बोलते ना, ती माझी सून."

ती छत्र्यांच्या ढिगाकडे पाहत राहिली. दुसरीकडे कुठे पाहावं हे तिला सुचेना.

पुढच्या शनिवारी ऑफिसची खोली रंगून तयार होती, तरी ती घरीच बसली. रजई घेतली नाही. या वेळी झाडांच्या छाटणीची बातमी होती आणि खताच्या पिशव्यांची. बोलून झाल्यावर तिनं धीर करून रेकॉर्डिंग पहिल्यांदाच लावलं. आपला आवाज तिला वाटला होता तितका वाईट नव्हता. जरा तिच्या आईसारखा होता. मध्येच, पाल्याच्या खताशी, दाराबाहेरून कोणीतरी कुजबुजलं. कुजबुज कसली, पलीकडच्या इमारतीत ऐकू जाईल अशी.

"कोणी आवाज करू नका रे. ती बोलतेय."

पुसून पुन्हा बोलायचं तर अजून सगळी दुपार हातात होती. तिनं ते तसंच पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी खरखर झाली, तेव्हा सवयीनं तिचा हात मिक्सरच्या बटणावर गेला. तो तिथेच राहिला. बटण काही तिनं दाबलं नाही.