मेंदूचं म्हणणं

दोन हजार सालच्या सुमारास आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन मुलाकडे मुंबईला गेले आणि एका डॉक्टरच्या प्रयोगाला बसून आले. डोक्याला तारा लावायच्या, बोटाला विजेचे बारीक चटके द्यायचे, मग दुखण्यावरची साधी गोळी देऊन मेंदूतल्या लाटा किती उतरतात ते यंत्रावर बघायचं. रत्नागिरीत परतल्यापासून त्यांना कुणाचं दुखणंच पटेना. मी दाढ धरून बसलो, तर म्हणाले, "हे तुमचं म्हणणं झालं हो! मेंदू काय म्हणतो?"

एकदा अंगणात आंब्याची पेटी उचलताना काकूंची कंबर धरली. त्या कळवळल्या, तसे मास्तर सुरू झाले, "आता यंत्र असतं, तर..."

"गप बसा," काकू पायरीवर टेकत म्हणाल्या. "मी होते ना तिथे! गोळीने किती आराम पडला म्हणून डॉक्टरला सांगत होतात. नुसत्या पिठाची निघाली ती. आणि यंत्रावरची लाट तसूभर हलली नव्हती."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आत गेले, तेल कोमट करून घेऊन आले आणि काकूंच्या मागे उकिडवे बसले.

"कुठे दुखतंय," त्यांनी हळूच विचारलं, "तूच सांग."