कुलपातलं लोखंड

महानंदा मॅडम समोरच्याचं नाव विचारण्याआधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. नांदेडला मी त्यांच्या हाताखाली डॉक्टरकी शिकायला गेले, तेव्हा दारातच त्यांनी माझ्या डोळ्याखाली अंगठा टेकवला, आतला रंग पाहिला आणि म्हणाल्या, "रक्त बरं हाय. आता नाव सांग." रिक्षावाला, भाजीवाली, एकदा तर वॉर्डाची पाहणी करायला आलेले बडे साहेब, कुणीच यातून सुटलं नाही.

मॅडम मूळच्या उदगीरच्या, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. वर्गात शुद्ध, मोजकं बोलायच्या, पेशंटसमोर मात्र उदगीरची बोली सुटायची आणि फारच वैतागल्या की "अय्यो शिवा!" म्हणायच्या. सगळ्या अवयवांत त्यांचा जीव यकृतावर. "हृदयाचं कौतुक समदेच करत्यात. राबतंय ते यकृत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भोकरकडच्या एका खेड्यातून इंदू नावाची सून आली होती. पांढरीफटक, चार पावलांत दम लागायचा. कित्येक महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी रक्त भरत नव्हतं. सोबतच्या सासूबाई चिडलेल्या.

"गोळ्या खातच न्हाई ही. गोठ्यात फेकून देती," त्या म्हणाल्या. "काम नको म्हणून सोंग लावलंय. आता माहेरीच नेऊन घालणार हाव हिला."

इंदू खाली मान घालून रडत होती. "खाते वो मॅडम. देवीची आण," एवढंच म्हणाली.

मॅडमनी तिच्या पोटावर हात ठेवला. संध्याकाळी अंगात कणकण येते का, वजन उतरलंय का, ते विचारलं. मग रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट पाहून मी बुचकळ्यात पडले. रक्तात फिरणारं लोह अगदी कमी होतं, पण साठा भरपूर होता.

मॅडमनी सासूबाईंना स्टुलावर बसवलं. "मावशी, पोरगी खोटं बोलत नाही. लोखंड हाय हिच्या अंगात, पण कुलपात हाय."

"कुणी लावलं कुलूप?"

"तिच्याच शरीरानं. यकृतात राखणदार पेशी असत्यात. जुनं रक्त मोडून त्यातलं लोखंड काढायचं अन् परत कामाला लावायचं, हे त्यांचं रोजचं काम. पण अंगात जंतू शिरले की त्या हाळी देत्यात. मग यकृत एक रस सोडतंय आणि लोखंडाची दारं बंद होत्यात. कारण जंतूलाबी लोखंड लागतंय. चोर दारात असल्यावर तुम्ही धान्याची कोठी उघडी ठेवताव का?"

सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मग चोर कुठं हाय?"

"हां! हे विचारलंत बघा मुद्द्याचं!" मॅडम खुलल्या.

चोर सापडला. पोटातल्या गाठींत क्षयरोग होता. मॅडमनी लोहाच्या गोळ्या थांबवून क्षयाची औषधं सुरू केली. काही महिन्यांनी इंदू तपासायला आली ती स्वतःच्या पायांनी जिना चढून. गालावर रंग आला होता. सासूबाई मागून पिशवी घेऊन येत होत्या. "माहेरी धाडली होती," त्या सांगू लागल्या, "पण चार रोज राहायला. मीच जाऊन घेऊन आले."

त्या राखणदारांना आमच्या पुस्तकात कुफर पेशी म्हणतात. जंतू शिरल्यावर यकृताला दारं बंद करायला लावणाऱ्या मुख्य पेशी त्याच, असं मॅडमनी आम्हाला अतिशय ठामपणे शिकवलं होतं. मीही पुढे लातूरला शिकवायला लागल्यावर तेच, त्यांच्याच शब्दांत सांगू लागले.

निवृत्तीनंतर मॅडम उदगीरला राहायला गेल्या. प्रकृती खालावली होती, तरी वाचन थांबलं नव्हतं. एका सकाळी माझी ओपीडी भरलेली असताना त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"अगं, तुला शिकवलेलं एक दुरुस्त करायचं हाय. प्रयोगात उंदरांच्या कुफर पेशी काढून टाकल्या, तरी यकृतानं दारं लावलीच म्हणे. म्हणजे हाळी देणारे आणखीबी कुणी असणार. काही जण अजून कुफरचंच नाव घेत्यात. वाद मिटला नाही. पण मी जेवढं ठासून सांगितलं, तेवढं सोपं हे नक्कीच नाही."

"मॅडम, यासाठी फोन केलात? तब्येत कशी आहे तुमची?"

"तब्येतीचं राहू दे. जुन्या पोरांना एकेकाला कळवायलेय. तू आता शिकवतीस ना? मग माझी चूक तुझ्या वर्गात जायला नको."

इंजेक्शनसाठी नर्स आली म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी संध्याकाळी उलट फोन करायचं ठरवलं आणि केलाही. तो त्यांच्या भावानं उचलला. मॅडम झोपल्या होत्या. दोनच दिवसांनी त्या गेल्याचं कळलं.

अंत्यविधीला उदगीरला गेले तेव्हा त्यांचे कितीतरी विद्यार्थी आले होते. एकेक जण फुलं वाहून बाजूला उभा राहत होता. शेवटी औरादहून आलेला एक डॉक्टर मला म्हणाला, "तुलाही आला होता का फोन, कुफर पेशींचा?"

मी मान हलवली. आजूबाजूच्या चार-पाच जणांनीही हलवली. मग आम्हाला रडू आवरलं नाही.