आमच्या घरच्या भांडणाचे व्हिडिओ

व्हिडिओत माझ्या बायकोचं काम एक शिंपी करायचा. अंजनगावात त्याचं दुकान होतं, सारे त्याला मास्टर म्हणत. हनुवटीवर दाढी. ती तो पदराखाली झाकायचा, अन् भांडता भांडता पदर सरकला की बघणारे तिथंच हसायचे. व्हिडिओ काढणारा आमच्याच गावातला, मोबाइल दुरुस्त करतो. नवरा मी. मला नाटक येत नाही. तो म्हणाला होता, "काका, तुमी घरी बसता तसेच बसा." तेवढं जमलं.

घर आमचं, खाट आमची, लुगडंही आमच्या म्हातारीचं, म्हणजे बायकोचंच. ती स्वतः मास्टरला नेसवून द्यायची. "पयले पदर खोच. पदर न खोचता भांडलं तं नवरा भेत नाही," असं शिकवायची. मास्टर तिच्याकडे बघत राहायचा. कंबरेवर हात कसा, बोट कुठं, मान किती वाकडी, सगळं त्यानं उचललं. मग मोबाइलवर स्वतःलाच बघून म्हातारी ओरडायची, "मी अशी बोंबलतो काय वो?" अशीच बोंबलत होती.

शूटिंग म्हणजे वैताग. वारा सुटला की माइकमध्ये नुसती घरघर. शेजाऱ्याची मोटर सुरू झाली की थांबा. बकरी मधात आली की पुन्हा पहिल्यापासून. नेट गावात नव्हतंच, व्हिडिओ चढवायला अंजनगावला जावं लागे. पण त्या सालात बोंडअळी पडली होती, बोंड फोडलं की कापसापेक्षा अळ्या जास्त. लोक संध्याकाळी पारावर कॅमेरावाल्याच्या मोबाइलभोवती बसून आमचं भांडण बघत, तेवढंच हसत. म्हातारीनं एक कायदा घालून दिला होता: "सरकारावर हसवा, माह्या नवऱ्यावर हसवा. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्या घरावर हसू नका." सगळ्यांनी मानला.

मग तीच गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, अन् गेली.

तेरवी झाली, महिना दोन महिने गेले, अन् हे दोघं पुन्हा आले. मलाही बरं वाटलं. घरात माणसाचा आवाज तर येईल. पण मास्टरनं सोबत पिशवीत एक सहावारी गोल साडी आणली, चकचकीत, लग्नात नेसायची. लुगडं मागितलंच नाही. अन् बोलला कसा? "अहो, दमला असाल, पाणी घ्या ना." मी खाटेवर बसून बघतच राहिलो. ही कोण बाई घरात घुसली?

व्हिडिओ चढला. पुढच्या वेळी कॅमेरावाल्यानं लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं, "काकू बिमार हाय काय?" दुसऱ्यानं, "काकूले अमरावतीले दाखवा."

कॅमेरावाला मान खाली घालून म्हणाला, "काका, काकूचं काम बंदच करू. तुमी एकटेच बोलत जा."

मला ते लागलं. घरात तर ती नव्हतीच. आता व्हिडिओतूनही काढून टाकणार. मग आमची म्हातारी कशी होती हे कोणाला कळणार?

"काहून बंद करता?"

"काकूचाच कायदा हाय ना. ज्याच्या घरचं माणूस गेलं..."

"तो दुसऱ्याच्या घरासाठी होता, लेका! माह्या घरावर ती सोता हसत होती."

मास्टर त्याच्या घरच्या हिंदीत म्हणाला, "काका, काकू के बाद उनकी नकल करना मुझे अच्छा नहीं लगता. डर लगता है."

"ती जिती होती तवा भ्याला नाही, अन् आता भेतो? जलमभर माह्यावर वरडली ती. तू तिले 'पाणी घ्या ना' म्हणायले लावतो? ती म्हणत होती, रांजन तिथं हाय, हात मोडले काय!"

मी आत गेलो, पेटीतून लुगडं काढलं अन् त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं ते झेललं. मग नेसला. पदर खोचला.

मला सांगितलं होतं, वावरातून या, खाटेवर बसा अन् चहा मागा. पावसाचं पाणी येऊन गेलं होतं, काळी माती पायाला लोंबत होती. मी उंबरा ओलांडला. कॅमेरावाल्याच्या कागदावर नव्हतं ते मास्टर बोलला, अगदी तिच्या आवाजात:

"अवो! सारं वावर पायाले लावून आनलं! आता घरातच पेरा कापूस!"

चहाचं मी विसरलो. मागं फिरलो अन् अंगणातल्या दगडावर पाय धुऊ लागलो. कॅमेरावाल्यानं मोबाइल माझ्याकडं वळवला. नीट धुतले, ती गेल्यापासून धुतले नव्हते तसे. परत दारात येऊन उभा राहिलो.

"आता ठीक हाय?"

मास्टरनं वाकून पाहिलं. "टाचा राह्यल्या."

कॅमेरावाला हसला, मोबाइल हलला. आम्ही तेच ठेवलं, हललेलं.

लुगडं आता मी पेटीत ठेवत नाही, दांडीवर असतं. मास्टर दुकान बंद असलं की येतो. त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, "काकू बऱ्या झाल्या वाटते." कॅमेरावाल्यानं मला विचारलं, काय उत्तर देऊ?

म्हटलं, "लिही, तोंड सुरू झालं तिचं."