रगत न्हाय

मी भिवंडीच्या ज्या कारखान्यात कापड तपासतो, तिथले लूम दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री शेजारच्या राहनाळ गावातून येतात. खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून ते भुवयांनी बोलतात. तुटलेल्या धाग्याला गाठ मारली की उरलेलं टोक समोरच्या दातांनी तोडतात. कात्री बाळगणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

नातीच्या हट्टापायी त्यांनी यंदा बिडी सोडली. थोड्याच दिवसांत दात घासताना रक्त येऊ लागलं. घाबरून त्यांनी पुन्हा बिडी पेटवली आणि हळूहळू रक्त थांबलं.

"बिरी सोरली न रगत चालू झाला. पेटवली न बंद," चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले. "मंग दवा कंची?"

माझ्या दातांच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं मी त्यांना सांगितलं. "मिस्त्री, धुरानं हिरडीतलं रक्त आटतं. आत सूज असली तरी वर दिसत नाही. बिडी सोडली की हिरडी जागी होते, म्हणून रक्त येतं. तेव्हाच दाखवायला जायचं."

त्यांनी ओठ वर करून दाखवला. हिरड्या फिकट होत्या, दातांवरून मागे सरलेल्या.

"बघ," ते म्हणाले. "रगत न्हाय."

काल माझ्यासमोरच एक धागा तुटला. मिस्त्रींनी गाठ मारली, टोक दातांपर्यंत नेलं, जिभेनं समोरचा हलता दात चाचपला आणि ते थांबले. मग भुवई न हलवता त्यांनी ते माझ्या तोंडापुढे धरलं.

मी वाकून ते तोडलं.