साडेनऊ गुण

दौलतशेठ चुरी जन्मात कधी कुणाशी झोंबले नव्हते. डहाणू गावाबाहेर त्यांची चिकूची वाडी होती. अंग मऊ, ऊन लागलं की नाकातून रक्त यायचं. पण कुस्तीतलं काही विचारायचं तर दौलतशेठना, असं डहाणू रोडला सगळेच मानत. मीही मानत असे. मी तेव्हा स्टेशनवर पार्सलबाबू होतो. हंगामात त्यांच्या चिकूच्या करंड्या माझ्या हातून मुंबईला जात आणि करंड्यांमागोमाग महिन्यातून एखाददा शेठही जात. दलालाकडचं काम तासाभराचं. उरलेला दिवस ते फ्रीस्टाईल कुस्त्यांच्या स्टेडियममध्ये काढत.

पंचावन्न साली त्यांनी तिथे तोगावा नावाचा जपानी पैलवान पाहिला आणि ते वेडे झाले. परतल्यावर गाडीतून उतरले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"बाबू, हाताच्या कडेनं मानेवर घाव घालतो तो! कुऱ्हाडीसारखा! आणि स्वतः मार खातो ना, तेव्हा तोंडातून ब्र काढत नाही. त्याचा हात पिरगाळला तर इथे आपण ओरडतो, तो मात्र गप्प."

त्या दिवसापासून ते कुस्त्यांना गुण देऊ लागले. जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक कुस्तीला एक पान. एकूण गुण दहा. दोन पकडीला, दोन पडण्याला, एक पब्लिकला आणि उरलेले पाच वेदनेला. या कुस्त्या आधी ठरवलेल्या असतात हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं त्यांना काही वाटत नसे. "खोटं असू दे," ते म्हणत, "पण दुखलेलं मला पटलं पाहिजे." मुंबईत जपानी कपबश्या विकणाऱ्या एका दुकानदाराशी त्यांनी ओळख काढली. पेट्यांमध्ये कपबश्या फुटू नयेत म्हणून जुनी जपानी मासिकं कोंबलेली असत. त्यांतली कुस्तीची पानं ते घरी आणून इस्त्री करत. अक्षर एक वाचता येत नसे, पण फोटो ओळीनं लावून ते त्या कुस्त्यांनाही गुण देत. त्यांच्या पत्नी कुसुमबाई एकदा मला म्हणाल्या, "पोरगी तापानं फणफणली होती, तर हे जपानच्या कागदांवर इस्त्री फिरवत बसलेले."

स्टेशनसमोरच्या इराण्याच्या हॉटेलात दर सोमवारी संध्याकाळी शेठ वहीतली एखादी कुस्ती सांगत. आम्ही दहाबारा जण ठरलेले. आणि पकड नीट दाखवायला त्यांना एक अंग लागे. ते अंग देवजीचं.

देवजी किनाऱ्यावरच्या वरोर गावचा माच्छी. मान जाड, चेहरा रुंद, डोळे बारीक, जाळी ओढून ओढून खांदे दगडासारखे झालेले. त्याच्या मामाची होडी खडकावर फुटल्यापासून तो शेठच्या वाडीत राबत होता. शेठ त्याला बाकांमध्ये उभा करत, हात पाठीमागे नेऊन पिरगाळत आणि आम्हाला विचारत, "दिसतंय ना सगळ्यांना?" देवजीचे डोळे पाण्यानं भरत आणि तो हसे. आम्हीही हसत असू. खरं सांगायचं तर देवजीला या गोष्टींचं आमच्यापेक्षा जास्त वेड होतं. दुसऱ्या दिवशी वाडीत तो शेठच्या मासिकांतली पानं हळूच उलगडून तोगावाचा फोटो बघत बसे.

एकसष्ट सालच्या जानेवारीत सुरतेकडचा एक ठेकेदार डहाणू रोडला कुस्त्यांचा तंबू घेऊन आला. झाईपासून वरोरपर्यंत आणि वर तलासरीपर्यंत भिंतींवर कागद लागले होते, 'जपानी राक्षस विरुद्ध पंजाबचा वाघ'. कुस्ती आठ दिवसांवर आली आणि ठेकेदाराचा जपानी पळाला. तो जपानी नव्हताच, दार्जिलिंगकडचा कुणी होता. ठेकेदार इराण्याकडे कपाळाला हात लावून बसला.

"मारी नाखशे मने," तो म्हणाला. "लोक मला जिता सोडणार नाय."

शेठ उठून त्याच्या टेबलावर गेले. "जपानी मी देतो," ते म्हणाले आणि दाराशी उभ्या देवजीकडे बोट केलं.

ठेकेदारानं देवजीची हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवलं, बाजारात बैल बघावा तसं. मग म्हणाला, "भुवया काढा. चालेल."

देवजीला कुणी विचारलं नाही. पण त्याचा चेहरा असा उजळला होता, की विचारण्याची गरजही वाटली नाही.

आठ दिवस त्याला वाडीतच ठेवलं. त्याची बायको हंसा डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन डहाणू रोडच्या बाजारात यायची. तिला निरोप दिला, की वाडीत काम फार आहे. देवजीचं डोकं भादरलं, भुवया वस्तऱ्यानं काढल्या. पेंढ्यावर पडायला शिकवलं. पंजाबी पैलवान दोनदा येऊन गेला. मोठा सभ्य माणूस. त्यानं देवजीला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. "भाई, जहाँ दर्द हो, दो बार फट्टे पे हाथ मारना. मैं छोड़ दूँगा."

तो गेला आणि शेठ देवजीजवळ आले. मी तिथेच बाजेवर चिकू खात बसलो होतो.

"ऐक. हात आपटायचा नाही."

"पन शेट, तो बोलला..."

"तोगावानं कधी आपटला? मी सतरा कुस्त्या बघितल्यात त्याच्या. एकदाही नाही. जपानी माणूस हात आपटत नाही. तू आपटलास की संपलं, तू वरोरचा देवजी. कळलं? पाठ टेकेपर्यंत गप्प राहायचं."

देवजीनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरा चिकू सोलला. मला वाटलं, दोन मिनिटांचा खेळ, त्यात काय व्हायचंय.

कुस्ती रविवारी दुपारी चारला, भाताच्या गिरणीमागच्या मैदानात होती. तलासरीहून माणसं ट्रकमध्ये उभी राहून आली होती. शेठ पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मी त्यांच्या शेजारी. देवजी काळी लुंगी नेसून आला तेव्हा कुणी म्हणजे कुणीच ओळखला नाही. भुवया गेल्या की माणूस किती परका दिसतो! लोकांनी शिव्या घातल्या, नारळाच्या करवंट्या फेकल्या. एक त्याच्या कानाला लागली. तो झुकला नाही. पहिल्या फेरीत त्यानं हाताच्या कडेनं तीन घाव घातले आणि पब्लिक चवताळून उभं राहिलं. शेठनी भराभर लिहिलं.

तिसऱ्या फेरीत पंजाब्यानं त्याला पालथा पाडला आणि उजवा हात मागे ओढून वर चढवला. ही ठरलेली पकड होती. इथे देवजीनं हात आपटायचा आणि मग उताणं पडायचं.

त्यानं आपटला नाही.

पंजाबी थांबला, कानाशी वाकून काही बोलला. गडी तयार आहे, अजून सोसतोय, असं त्याला वाटलं असणार. त्यानं थोडं आणखी ओढलं. देवजीचा डावा पंजा आखाड्याच्या लाकडी फळीवर मोकळा पडला होता. तो मला स्पष्ट दिसत होता. बोटं पसरत होती, मिटत होती. एकदा पंजा चार बोटं वर उचलला गेला, देवजीनं मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि पंजा पुन्हा हळूच खाली ठेवला.

"वा," शेठ पुटपुटले. "वा, वा."

पंजाब्यानं ओढलं. खांद्यातून ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. आणि जपानी राक्षस ओरडला, "आय गो! मेलो गो आय!"

मग मागून कुणीतरी किंचाळलं, "अरे, यो त आपला देवज्या! वरोरचा!" आणि हशा फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. मीही हसलो. हे मी लपवत नाही. देवजी फळीवर गडाबडा लोळत होता, हात भलत्याच बाजूला वळलेला, आणि तो जितका ओरडे तितके लोक जास्त हसत. मग काहींना फसवल्याचा राग आला आणि दगड येऊ लागले. पंजाबी त्याच्यावर आडवा पडला म्हणून डोकं वाचलं.

हंसा कनातीबाहेर गर्दीला सुके बोंबील विकत होती. तिनं आवाज ओळखला. कनात वर करून ती आत घुसली, पण फळीवर चढली तेव्हा तिला बिनभुवयांचा नवरा ओळखू येईना. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि विचारत राहिली, "ह्या कोन हाय? आवाज कुठं हाय त्याचा?" लोकांना त्याचंही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आम्ही नेहमीसारखे इराण्याकडे जमलो. शेठनी वही उघडली. त्यांचा चेहरा भक्तासारखा झाला होता.

"पकड दोनपैकी दोन. पडणं दोनपैकी दोन. पब्लिक एक. वेदना..." त्यांनी श्वास घेतला. "साडेचार. एकूण साडेनऊ. तोगावालाही मी कधी नऊच्या वर दिले नाहीत."

"अर्धा कुठं गेला?" कुणीतरी विचारलं.

"शेवटी मराठीत ओरडला ना."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

हाडवैद्यानं खांदा बांधला, पण तो बसला नाही. हात वाळत गेला. एका हातानं करंडी उचलता येत नाही की जाळं ओढता येत नाही, तेव्हा शेठनी त्याला वाडीतच ठेवलं, चिकूवरची पाखरं हाकायला. ही दया आहे असं सगळे म्हणाले. चैत्रात शेठ पुन्हा मुंबईला जाऊन आले आणि सोमवारी देवजीला हॉटेलात घेऊन आले. त्याचा वाळका हात उचलून त्यांनी मागे वळवला. "आता कशी नीट दाखवता येते बघा," ते म्हणाले, "याला काही लागतच नाही." देवजी हसला. आम्ही मान पुढे करून बघितलं.

हंसा दारात उभी होती, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टोपली खाली ठेवून ती आत आली. त्या हॉटेलात बाई कधी आली नव्हती.

"शेट, माझ्या नवऱ्याला किती दिलं तुमी वहीत?"

शेठ खूश झाले. त्यांना वाटलं, तिला अभिमान वाटेल. त्यांनी पान काढून वाचून दाखवलं, अर्ध्या गुणासकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हात आपटू नको म्हून तुमी सांगितलात, ते लिवलंय का त्यात?"

शेठनी वही मिटली. "ती शिस्त असते," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं."

हंसानं नवऱ्याचा वाळका हात त्यांच्या मुठीतून सोडवला, सदऱ्याच्या बाहीत नीट घातला आणि त्याला घेऊन वरोरला गेली. पुढच्या सोमवारी शेठनी पकड इराण्याच्या पोऱ्यावर दाखवली.

चौसष्ट साली तोगावा पुन्हा मुंबईला आला. कपबश्यांच्या दुकानदाराच्या ओळखीनं शेठना त्याच्या खोलीत जायला मिळालं. दुसऱ्या दिवशी ते पार्सल ऑफिसात आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी खुर्ची दिली.

"वही दाखवली त्याला," ते म्हणाले. "मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. देवजीचंही सांगितलं. म्हटलं, तुझ्यासारखाच, हात आपटला नाही."

"मग?"

"तो हसला नाही. त्यानं माझं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं. असं. म्हणाला, मी दर वेळी असं दाबतो. समोरच्याला कळतं, तो सोडतो. तुम्हाला खुर्चीवरून दिसत नाही. खुणेशिवाय कोण लढेल? वेडा लढेल." शेठ स्वतःचं मनगट चोळत होते. "बाबू, सतरा कुस्त्या. प्रत्येक कुस्तीत तो दाबत होता."

आठवडाभर ते हॉटेलात आले नाहीत. मग एका रविवारी सकाळी मला घेऊन वरोरच्या एस.टी.त बसले. म्हणाले, मला हे पोटात ठेवून झोप येत नाही.

देवजी समुद्राकडच्या अंगणात बसला होता. जाळ्याची एक कडा पायाच्या अंगठ्यात अडकवून डाव्या हातानं विणत होता. आजूबाजूला पाचसहा पोरं. गावात त्याला जपान म्हणत, त्याच्या पोरांना जपानची पोरं. आम्ही गेलो तेव्हा तो त्यांना तेच सांगत होता. "...हाड मोडला, पन हात आपटला का? नाय आपटला! जपानी मानूस आपटत नाय." पोरांनी हे शंभरदा ऐकलं असावं, शेवटचं वाक्य ती त्याच्यासोबत ओरडली.

शेठना बघून तो धडपडत उठला, हंसाला चहा टाकायला सांगितलं. हंसा जागची हलली नाही.

मी शेठना कोपरानं ढोसलं. सांगू नका, हे मला म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उभ्याउभ्या, एका दमात, त्यांनी सगळं सांगून टाकलं. मनगट कसं दाबतात तेही दाखवलं, देवजीच्या चांगल्या हातावर.

देवजीनं आपल्या मनगटाकडे बघितलं.

"दर टायमाला?" त्यानं विचारलं.

"दर वेळी."

"तोगावा पन?"

"तोगावा पण."

पोरांतलं एक फिस्सकन हसलं. देवजी खाली बसला, जाळं अंगठ्यात अडकवू लागला, पण ते नीट अडकेना. हंसा पुढे आली आणि तिनं ते अडकवून दिलं. मग ती आमच्याकडे न बघताच म्हणाली, "जा आता."

एस.टी.च्या थांब्यावर शेठनी रुमालानं मान पुसली. "बरं झालं सांगून टाकलं," ते म्हणाले. "हलकं वाटतंय." परतीच्या वाटेत त्यांना झोपही लागली.

पावसाळ्यानंतर हंसा मासळी घेऊन स्टेशनवर आली, तेव्हा मी तिला देवजीचं विचारलं. तो आता अंगणात बसत नाही, ती म्हणाली. घराच्या मागच्या बाजूला बसतो. पोरं गोष्ट सांग म्हणून जातात, तर त्यांना दगड मारतो. डाव्या हातानं, त्यामुळे एकही लागत नाही, आणि पोरांना तो नवा खेळच झालाय.